सोलापुरातले रॉक बँड आणि लाइव्ह शो : जागा, आवाज, भाषा

तारसप्तक

आपल्या गावात इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम वाजवणारी माणसं कमी नाहीत. इंजिनिअरिंगच्या पोरांत आहेत, चर्चच्या क्वायरमध्ये आहेत, ऑर्केस्ट्रात आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसपाळी करून रात्री हेडफोन लावून सराव करणारे आहेत. तरीही एखाद्या बँडनं स्वतःची गाणी तासभर सलग वाजवली आणि लोकांनी तिकीट काढून ती ऐकली, असा कार्यक्रम हवा म्हटलं की आपण पुण्याची गाडी पकडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे वाजवणाऱ्यांची टंचाई नाही. ठरलेली जागा नाही आणि ठरलेला वार नाही. वर्षातून एकदा गॅदरिंग, एकदा गणपती, मध्येच कुणाच्या तरी हॉटेलचं उद्घाटन, एवढ्यावर बँड जगत नाही. पुढच्या महिन्यात शो आहे म्हटलं की गाणं पूर्ण होतं, ड्रमर सरावाला वेळेवर येतो, बेसवाला नव्या तारा चढवतो. शोच नसला की पहिल्या कडव्यावरच महिने जातात आणि एक दिवस गिटारवाल्याला हिंजवडीत नोकरी लागते. असे मोडलेले बँड इथल्या प्रत्येकाला माहीत आहेत.

मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावजवळचं रंगभवन वर्षानुवर्षं त्याचं घर होतं. उघडं नाट्यगृह, स्वस्त तिकीट, आणि पोरांना आधीपासून माहीत की या दिवसांत इथंच जायचं. देशभरातले बँड तिथं वाजवायला धडपडायचे. पुढं शेजारच्या हॉस्पिटल-कॉलेजांमुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला, मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथून उठले, आणि रंगभवनला जायची ती सवय पुन्हा कुठल्या जागेला तशी लागली नाही. जागेची किंमत यावरून कळते. पुण्यात २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव झाला, त्याचं कौतुक आहेच, पण पुण्यातले बँड वर्षातल्या त्या दोन-तीन दिवसांवर तयार झालेले नाहीत. त्याआधी ते छोट्या खोल्यांत, कॅफेत, कॉलेजच्या हॉलमध्ये शंभर माणसांसमोर वाजवत होते.

म्हणून मला मोठा फेस्टिव्हल नकोच आहे. शंभर-सव्वाशे माणसं मावतील अशी बंदिस्त जागा, महिन्याचा एक ठरलेला शनिवार, तीन बँड, तिकीट, आणि प्रत्येक बँडची निम्मी तरी गाणी स्वतःची. हे सोलापुरात जमेल का, अडेल तर कुठं अडेल, यावर मोकळेपणानं लिहा.

जुळे_सोलापूर

जागेबद्दल मी बराच विचार केलाय, म्हणून आधी तेच लिहितो.

हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह, शिवस्मारक ही आपल्या डोळ्यांसमोर लगेच येणारी नावं. पण ही सभागृहं नाटक, व्याख्यान, गाण्याच्या मैफिली यांच्यासाठी आहेत. हुतात्मामध्ये सव्वाशे माणसं बसली तर पुढच्या चार-पाच रांगा भरतात आणि मागचा अंधार स्टेजवरून दिसत राहतो. रॉक ऐकणाऱ्याला उभं राहायचं असतं, पक्क्या खुर्च्यांमध्ये तो अवघडतो. त्या मानानं चाळीस फुटी साधा हॉल भरलेला असला तर बँड दुप्पट जोरानं वाजवतो.

उघड्यावरचं म्हणाल तर आपल्याकडे हवामान आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, संध्याकाळी सातला सुद्धा स्टेजचा पत्रा तापलेला असतो. जूनपासून पावसाचा भरवसा नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही जानेवारीत होम मैदान सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचं. म्हणजे दर महिन्याला करायचं तर छप्पर लागणारच. छोटी मंगल कार्यालयं पाहा. लग्नाची तिथ नसेल तेव्हा ती रिकामी पडलेली असतात, पार्किंग असतं, जनरेटर असतो, शेजाऱ्यांना आवाजाची सवय असते. शाळा-दवाखान्याच्या शेजारचं मात्र घेऊ नका.

साउंडवाला_एसआर

मी साउंडचाच धंदा करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

सोलापुरात सिस्टीम भरपूर आहेत, पण त्या डीजेसाठी बांधलेल्या आहेत. अठरा इंची सबची, म्हणजे खालच्या घुमाऱ्याच्या स्पीकरची रांग, वर बाकीच्या आवाजाचे टॉप, एका लॅपटॉपमधून निघालेलं तयार गाणं. बँडचं काम याच्या उलट असतं. दहा-बारा ठिकाणांहून कच्चा आवाज येतो आणि तो तिथल्या तिथं जुळवायचा असतो. किक म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे चरचरीत आवाजाचा छोटा ड्रम, वरचा एक माइक, बेस थेट मिक्सरला जोडणारा डीआय बॉक्स, दोन गिटारचे अँप, दोन-तीन गळे. सोळा चॅनलचा मिक्सर लागतो. आणि सगळ्यात आधी लागतात मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडं तोंड केलेले स्पीकर. आपल्याकडे बँडला बोलावतात, समोर भिंत उभी राहील एवढे स्पीकर लावतात आणि मॉनिटर एकही नसतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो ओरडतो, सूर वर चढतो, माइकचा गेन वाढवला की शिट्टी सुरू होते. मग लोक म्हणतात पोरांना गाता येत नाही. पोरांना गाता येतं हो, त्यांना ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. चाळीस फुटी हॉलमध्ये ड्रमसेट माइकशिवायच शंभर डेसिबलच्या आसपास जातो. म्हणजे बाकी सगळं ड्रमला धरून ठेवायचं. गिटारला वीस-तीस वॅटचा अँप पुष्कळ झाला, शंभर वॅटचा आणायचा नाही. ड्रमरनं जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीसारख्या रॉड वापरल्या तर गळा वर येतो. पीएमधून, म्हणजे लोकांकडं तोंड केलेल्या स्पीकरमधून, मुख्यतः गळा आणि थोडी किक. सब कमी ठेवला की भिंतीबाहेर जाणारा आवाज निम्म्यानं आटोक्यात येतो, कारण भिंतीतून बाहेर पडतो तो खालचा घुमारा. शब्द भिंतीतच अडतात.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. अर्थिंग. जुन्या हॉलमध्ये अर्थिंग नावालाच असतं. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की झटका बसतो, आणि तो नेहमीच हलका असेल असं नाही. अँप आणि मिक्सर एकाच लाइनवरून घ्या, आणि वायरमननं मीटर लावून अर्थिंग पाहिल्याशिवाय कुणीही स्टेजवर चढू नका. अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण घालवणारे लोक आहेत. तसं कुणी करताना दिसलं तर हात धरा.

मॉनिटर आणि सोळा चॅनलचा मिक्सर माझ्याकडे आहे. दर महिन्याचं ठरत असेल तर भाड्याचं बघू, पण काम नीट झालं पाहिजे.

बेसवाली

साउंडवाले दादा, मॉनिटरबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. बेस वाजवणाऱ्याला तर ड्रमरची किक ऐकू आली नाही तर वाजवायचं कशावर?

मला वेळेबद्दल बोलायचंय. साडेसहाचा शो म्हणजे साडेसहालाच सुरू व्हायला हवा. आपल्याकडे सातचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सत्कारासह साडेआठला सुरू होतो आणि माझा बँड तिसरा असेल तर घरून फोन सुरू झालेले असतात. माझ्या ओळखीतल्या दोन मुली उत्तम वाजवतात, एक ड्रम आणि एक कीबोर्ड. दोघींचं वाजवणं थांबलं ते याच कारणानं. घरचे वाजवू नको म्हणत नव्हते, किती वाजता परत येशील एवढंच विचारत होते आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसायचं. वेळ पाळा, शाल-श्रीफळ नको, दीपप्रज्वलन नको. साडेनऊला शेवटचं गाणं म्हणजे शेवटचं. मग मुली येतील, वाजवायलाही आणि ऐकायलाही.

अजून एक. गायला मुलगी उभी राहिली तर लोकांना नवल वाटत नाही. बेस घेऊन उभी राहिली की अर्धा हॉल मोबाइल काढतो. दर महिन्याला दिसली तर हे थांबेल आणि लोक वाजवणं ऐकतील. म्हणून मला वार्षिक महोत्सवापेक्षा हा महिन्याचा शनिवार जास्त पटतो.

ऑर्केस्ट्रा_काका

पोरांनो, मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत आलो. आधी ॲकॉर्डियन, मग कीबोर्ड. तुम्ही लिहिताय ते मनापासून वाचलं.

ऑर्केस्ट्राला कुणी रॉक म्हणणार नाही, पण सोलापुरात गिटार-ड्रम लोकांनी पहिल्यांदा पाहिले ते ऑर्केस्ट्रात. तीन तास न थांबता वाजवणं, गायक बदलला की पट्टी बदलणं, वीज गेली तर ढोलकीवाल्यानं लोकांना धरून ठेवणं, ही शिस्त तिथं होती. तुमच्या पोरांत हात चांगले आहेत, पण दोन गाण्यांच्या मध्ये पाच-पाच मिनिटं तारा जुळवत बसतात. तेवढ्या वेळात माणूस चहाला जातो आणि परत येत नाही. ट्यूनर पायाखाली ठेवा आणि एकानं बोलत राहा.

स्वतःची गाणी निम्मी, हे मात्र मला धाडसाचं वाटतं. लोक ओळखीचं गाणं ऐकायला येतात. सुपारी मिळते ती ओळखीच्या गाण्यांवर. आधी दोन ओळखीची, मग एक तुमचं, परत दोन ओळखीची, अशानं तुमचं गाणं त्यांच्या कानावर पडेल. सुरुवातीलाच सगळं नवं दिलंत तर दुसऱ्या महिन्यात हॉल रिकामा.

तारसप्तक

काका, तारा जुळवण्याबद्दलचं शंभर टक्के बरोबर, पहिल्याच शोला हा नियम करू.

निम्म्याच्या अटीवर मात्र मी ठाम आहे. मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ च्या सुमाराला सुरू झाला तेव्हा तोही परदेशी बँडांची गाणी वाजवायचा आणि लोकप्रियही होता. पण आज चाळीस वर्षांनी त्याचं नाव निघतं ते त्यांनी स्वतःची गाणी लिहिली, पुढं इंडस क्रीड झाले, म्हणून. त्यांच्या काळात फक्त दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारे बँड ढिगानं होते. त्यातलं एकाचं तरी नाव आज कुणी घेतं का?

आणि ओळखीच्या गाण्यांसाठी लोकांकडे आधीच खूप काही आहे. लग्नाची वरात आहे, ऑर्केस्ट्रा आहे, मोबाइल आहे. तिथं आपण सगळ्यात कमी पडणार. सोलापूरच्या पोरानं सोलापूरबद्दल लिहिलेलं गाणं मात्र दुसरीकडे कुठंच मिळणार नाही. आपला शो बघायला कारण असेल तर ते हेच.

पूर्व_भाग

काका आणि तारसप्तक दोघांचं वाचलं. आम्ही पूर्व भागातले, घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत दोन्ही. आमचा बँड सराव करतो तो ड्रमरच्या मामाच्या टॉवेलच्या कारखान्यात, एका बाजूच्या गोदामात. शेजारी माग चालू असतात तोवर ड्रमची तक्रार कोण करणार? उलट माग बंद झाले की आम्ही थांबतो, कारण मग गल्लीत आपलाच आवाज उरतो.

सरावाची जागा शोधणाऱ्यांसाठी : भिंतीला थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावू नका, पेट घेतात आणि उपयोग काही नाही. आम्ही डागी म्हणून बाजूला काढलेल्या जाड चादरी घेतल्या आणि भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या. झांजांचा चरचरीतपणा आणि खोलीचा घुमारा लगेच उतरला. बेसचा खालचा आवाज मात्र चादरीनं थांबत नाही, तो खाली उतरवावाच लागतो. एक चादर किक ड्रमच्या पोटात पण आहे.

भाषेबद्दल बोलायचं तर आमची अडचण खरी आहे. इंग्रजीत लिहिलेलं गाणं आम्हालाच खोटं वाटतं. मराठीत लिहिलं तर आमच्या आज्ज्या म्हणतात तेलुगूत का नाही, तेलुगूत लिहिलं तर कॉलेजात कोण ऐकेल ही भीती. शेवटी एका गाण्यात कडवी मराठी आणि धृपद तेलुगू केलं. श्रावणात मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवसांत गल्लीतल्या पोरांसमोर वाजवलं तेव्हा धृपद सगळ्यांनी उचललं. आता हेच करतोय. केरळच्या अवियल बँडनं मल्याळममध्ये रॉक केलं आणि मल्याळम न कळणाऱ्यांनीही ऐकलं, मग आपलं का नाही ऐकणार?

दक्षिण_तालुका

पूर्व भागवाल्या भावा, तुझं धृपद ऐकवच.

कन्नडचं मी सांगतो. आमच्या अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे घरात कन्नड, बाजारात मराठी. बेंगळुरूचा गायक रघू दीक्षित यानं धारवाडकडचे कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदं गिटार-ड्रमवर आणली तेव्हा माझे वडील, ज्यांनी आयुष्यात रॉक ऐकलं नव्हतं, बसून ऐकत राहिले. कारण शब्द त्यांचे होते.

आणि आपल्याला शब्दांसाठी धारवाडकडे बघायची तरी काय गरज? सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, सोन्नलगीचे, म्हणजे याच गावचे. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. गड्ड्याला सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळ्याला अख्खं शहर लोटतं, पण त्यांचं एखादं वचन आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे? वचन म्हणजे छोटे, तुटक, थेट अंगावर येणारे शब्द, ताल त्यांच्या आतच असतो. रॉकसाठी यापेक्षा चांगलं काय हवं. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. गर्दीसमोर उभं राहून पल्लेदार आवाजात गाणारे लोक या जिल्ह्याला नवे नाहीत.

वचन घ्यायचं तर अर्थ समजून, मठातल्या जाणत्या माणसाकडून उच्चार तपासून घ्यावं. तेवढा मान ठेवला तर कुणी हरकत घेणार नाही.

विजापूरवेस

दखनी, म्हणजे आपल्याकडची उर्दू बोली, पण लिहा यादीत. आमच्याकडे दखनीत रॅप लिहिणारी पोरं आहेत, मोबाइलवर बीट लावून गातात. त्यांना मागं खरा ड्रमर मिळाला तर काय होईल विचार करा. तीन बँडमधली एक जागा कधीतरी अशा जोडीला द्या.

हलगी_आणि_ड्रम

हलगीचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. सोलापूरचा रॉक म्हटला की पहिली सूचना हीच येते, हलगी घाला, लेझीम घाला. मी ड्रमर आहे आणि एका हलगीवादकासोबत गेलं वर्षभर बसतोय, म्हणून सांगतो.

हलगी वरून टाकायची फोडणी नाही. तिचा आवाज सगळा वरच्या पट्टीत, एका हातात जाड आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक लांब काडी, आणि बारीक काडीची जी थरथर आहे ती स्नेअर आणि हाय-हॅटच्या, म्हणजे पायानं मिटणाऱ्या जोडझांजांच्या, नेमक्या जागेवर येऊन बसते. मी माझं नेहमीचं वाजवलं की दोघांचं मिळून नुसतं पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं. शेवटी मी हाय-हॅट सोडला, फक्त किक आणि टॉम, म्हणजे जाड आवाजाचे ड्रम, वाजवले, वरची सगळी जागा हलगीला दिली. तेव्हा कुठं गाणं उभं राहिलं. शिवाय कातडं गार पडलं की आवाज बसतो, ते शेकून घ्यावं लागतं. बंद हॉलमध्ये जाळ करता येत नाही, आम्ही हॅलोजनच्या दिव्यासमोर धरतो. शो ठरवताना त्याला हा वेळ द्यावा लागतो.

आणि मला सगळ्यात जास्त वाटतं ते हे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवली त्यांना गावानं वाद्यासाठी बोलावलं आणि पंगतीत वेगळं बसवलं. आता आपण त्यांना एका गाण्यासाठी स्टेजवर घेऊन, फोटो काढून, हातात शंभर-दोनशे ठेवून परत पाठवणार असू तर ते तेच झालं. हलगीवादक बँडमध्ये असेल तर पोस्टरवर त्याचं नाव, पैशात सारखा वाटा, चाल बसवताना त्याचं मत. एवढं करायचं नसेल तर हलगी घेऊ नका, ड्रमवर भागवा.

बेसवाली

हे वरचं तारसप्तकनं पहिल्या पोस्टमध्ये घालावं. नियम म्हणून.

तारसप्तक

घालतो. शब्द न बदलता.

कोथरूडहून

मूळचा सोलापूरचा, पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. बाहेरच्या बँडांच्या बाजूनं लिहितो.

पुण्याहून हैदराबादला वाजवायला जाणारे बँड सोलापूरवरूनच जातात. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, पुढं हैदराबाद तीनशेच्या आसपास. आम्ही मध्येच ढाब्यावर जेवतो आणि पुढं निघतो, कारण सोलापुरात थांबून करायचं काय? इथं ठरलेला शनिवार असेल तर शुक्रवारी-शनिवारी वाजवून रविवारी हैदराबाद, अशी आखणी करता येते. आम्हाला मोठं मानधन नको. गाडीच्या डिझेलचा काही भाग, रात्री झोपायला जागा, चांगलं जेवण, आणि ड्रमसेट तिथंच मिळावा. ड्रमसेट सोबत न्यायचा नसेल तर बँड एका गाडीत मावतो, खर्च निम्मा होतो. मुंबईच्या बँडला तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे, गिटार घेऊन चढले की सकाळी सोलापूर.

पण बाहेरचा बँड आला तरी त्याला शेवटी ठेवून स्थानिक बँडला घाईत उरकवू नका. पुण्यातही सुरुवातीला हा प्रकार फार झाला. तिघांना सारखा वेळ.

नियमपुस्तक

परवानगीचं थोडक्यात, कारण ऐनवेळी शो थांबतो तो इथंच.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस शासन बारापर्यंत सूट देतं, ते सणांसाठी जातात, त्यावर विसंबू नका. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा टापू शासन शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. बंद सभागृहात नियम थोडा वेगळा असला तरी हद्दीबाहेर जाणारा आवाज मोजला जातोच. म्हणून साउंडवाल्यांचं सब कमी ठेवण्याचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीनंही बरोबर आहे. पोलीस ठाण्याला लेखी अर्ज आधी द्या, पोचपावती खिशात ठेवा.

दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून वाजवणार असाल तर आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागतो. ही गीतकार-संगीतकार-प्रकाशकांची संस्था आहे, १९६९ पासूनची. स्वतःच लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं आणि हक्क कुणालाही न दिलेलं गाणं वाजवायला कुणाचा परवाना लागत नाही. निम्म्या गाण्यांच्या वादात हाही मुद्दा धरा.

गावात डीजेच्या आवाजावरून लोक किती वैतागलेत ते आपण बघतोच. आपला शो त्याच खात्यात धरला जाऊ नये असं वाटत असेल तर शेजारच्या चार घरांना आधी जाऊन भेटा, पहिल्या शोला त्यांना पास द्या.

ऑर्केस्ट्रा_काका

हिशेब कुणी मांडला नाही. मी मांडतो, आकडे अंदाजाचे. तिकीट दीडशे, माणसं शंभर, झाले पंधरा हजार. हॉल चार, साउंड पाच, पोस्टर-पाणी-वायरमन एक. उरले पाच. तीन बँडला दीड-दीड हजार, पाचशे डब्यात. चार पोरांच्या बँडला माणशी पावणेचारशे येतात. यात पोट भरणार नाही, पण पाकीट रिकामं नाही हे महत्त्वाचं. फुकट वाजवायची सवय एकदा लावलीत की पुढं कुणी पैसे देत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. पास घरच्यांना सुद्धा नको. आईवडिलांनी तिकीट काढून यावं. शेजाऱ्यांचं ते नियमवाले म्हणतात तेवढे चार-पाच पास ठीक.

निम्म्या गाण्यांवर माझं मत अजून तेच आहे. पण करून बघा, मी तिकीट काढून येतो.

पूर्व_भाग

काका, तुम्ही ऐकायला नुसते नका येऊ की. आमच्या धृपदाला कीबोर्डवाला नाही.

ऑर्केस्ट्रा_काका

चाल पाठव. पट्टी सांग.

पूर्व_भाग

काळी चार. आजच पाठवतो.

तारसप्तक

मग ठरवू या. गड्डा आटोपल्यानंतरचा पहिला शनिवार. जुळे सोलापूरवाल्यांनी दोन मंगल कार्यालयं बघितली आहेत, दोन्हीही दवाखान्यापासून लांब. साउंडवाले त्यातलं एक या आठवड्यात अर्थिंग आणि घुमारा बघायला येतायत, त्यांनी होकार दिला की तेच. पहिल्या शोला पूर्व भागवाला बँड, हलगी-ड्रमची जोडी, आणि बेसवालीचा बँड. बाहेरचा बँड दुसऱ्या महिन्यापासून. विजापूरवेसच्या पोरांना ड्रमर गाठून द्यायचंय, हलगी_आणि_ड्रम, तुम्ही बघाल का?

साउंडचेक दुपारी तीनला, उलट्या क्रमानं, म्हणजे शेवटचा बँड आधी आणि पहिला बँड शेवटी, त्याचं सामान तसंच जागेवर राहील. प्रत्येक बँडनं कुठं कोण उभं राहणार आणि कुणाला किती माइक याचा कागद आठ दिवस आधी साउंडवाल्यांना द्यायचा. साडेसहाला पहिलं गाणं.

ड्रमसेट एकच राहील, तिघे ड्रमर त्याच्यावरच वाजवतील. पेडल, स्नेअर आणि झांजा ज्याच्या त्यानं आणायच्या. किकसाठी वेगळा माइक कुणाकडे आहे का?

साउंडवाला_एसआर

किकचा माइक आहे. हलगीसाठी साधा डायनॅमिक माइक चालेल, पण स्टँड आखूड लागेल, ते नाही माझ्याकडे. कुणाकडे असेल तर लिहा.

बेसवाली

आखूड स्टँड आमच्याकडे दोन आहेत. आणते.